सरजाबाईचं पोतं

धर्माबादेत मिरचीच्या बाजारात शिरलेला माणूस पहिल्या दहा पावलांत शिंकतो, पंधराव्या पावलाला डोळे पुसतो आणि विसाव्या पावलाला आपण इथं कशाला आलो होतो तेच विसरतो. व्यापारी शिंकतात, हमाल शिंकतात, तपासणीला आलेले साहेब सही करता करता शिंकतात आणि मग ती सही कुणाची आहे ते त्यांनाही सांगता येत नाही. शिंकत नाही ती फक्त सरजाबाई.

चन्नबसप्पांच्या गोदामात ती सव्वीस वर्षं मिरचीचे देठ खुडते आहे. कामावर नवी बाई आली की पिण्याच्या पाण्याचा माठ दाखवायच्या आधी तिला सरजाबाई दाखवतात. चन्नबसप्पांना तर तिचा फारच अभिमान. बाहेरगावचं गिऱ्हाईक आलं की म्हणायचे, "ही आमची सरजाबाई. हिच्या नाकाला मिरची हात लावत न्हाई." एकदा निजामाबादेकडच्या एका व्यापाऱ्यानं परीक्षा म्हणून मूठभर मिरची तिच्या नाकाखाली चुरगाळली. त्यानंतर तो स्वतः अर्धा तास शिंकत बसला. सरजाबाईनं पदर सारखा केला आणि पुढचा देठ खुडला.

तिची दुसरी ख्याती पोत्याची. बाकीच्या बायका जमिनीवर, नाहीतर विटेवर बसायच्या. सरजाबाई घरून चौघडी घातलेलं पोतं घेऊन यायची, भिंतीकडच्या कोपऱ्यात अंथरून त्यावर बसायची आणि संध्याकाळी गुंडाळून परत न्यायची. त्याला सगळ्या 'सरजाबाईची गादी' म्हणत. पंचशीला नावाची एक तरणी बाई होती, तोंडाची फटकळ. ती म्हणायची, "मावशे, गादीवर बसायला मुहूर्त लागतो का गं?"

"लागतो की. तुज्या सासूला इचार, तिनं काढून ठिवलाय."

असं कुणाला टोलवायचं असलं की सरजाबाई चार लोकांत उठून दिसे. पण स्वतः कधी खदखदून हसायची नाही. ओठ दाबून, डोळ्यांनी हसायची. बायका म्हणायच्या, मोठी रुबाबाची बाई.

घरी नवरा सटवाजी. बाजारात हमाली करून त्याची कंबर गेलेली. त्याला दवाखान्यातून कमरेचा पट्टा मिळाला होता आणि तो पट्टा सटवाजी सदऱ्याच्या वरून बांधायचा. आत बांधला तर लोकांना कसा दिसणार? रस्त्यात कुणी भेटलं की आधी पट्ट्यावर हात जायचा, मग रामराम. अख्ख्या धर्माबादला सटवाजीच्या कमरेचा तिसरा मणका आणि चौथा मणका नावानिशी ठाऊक होता. रात्री तो पट्टा पुढच्या अंगणातल्या दोरीवर लटकायचा. सरजाबाईचं पोतं वाळायचं ते मात्र मागं, न्हाणीच्या आडोशाला.

कारण शिंक तिलाही यायची. सगळ्यांना येते तेवढीच यायची. आली की ती अंगठा वरच्या ओठावर दाबून धरी, जीभ दातांत पकडी, पायावर पाय चढवून आवळी आणि शिंकेला आल्या वाटेनं परत पाठवी. पण पाच-दहांतली एखादी ऐकायची नाही. ती आतल्या आत फुटायची आणि पोतं भिजायचं.

याची सुरुवात तिसऱ्या बाळंतपणात, राजकन्येच्या वेळी झाली. दीड दिवस सुईण उशाशी बसून एकच सांगत होती, कळ दे, जोर लाव. सरजाबाईनं होता नव्हता तेवढा जोर लावला. बाविसाव्या दिवशी ती गोदामात हजर, आणि पहिल्याच शिंकेला लुगडं ओलं. आज ना उद्या थांबेल म्हणून तीन वर्षं काढली. त्यात कंबर धरायला लागली, पांढरं जायला लागलं. एका खासगी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पोटावर हात ठेवून पाच मिनिटांत निकाल दिला. "लेकरं झाली ना? मग पिशवीचं आता काय काम? काढून टाकू, कटकट मिटेल." सरजाबाईला वाटलं, सगळीच मिटेल. तिशीत पिशवी गेली. लघवी सुटायची ती सुटतच राहिली.

आणि दहा वर्षांनी अंग खाली उतरायला लागलं. बाईचं अंग बाहेर येतं हे तिनं ऐकलं होतं. पण पिशवी तर काढून टाकलेली, मग हे काय उतरतंय? डॉक्टरांना त्या दिवशी जेवायची घाई असेल आणि अर्धी पिशवी आतच विसरली असेल, असं तिला एकदा न्हाणीत बसल्या बसल्या वाटलं आणि तिचं तिलाच हसू आलं. हसल्यावर जे व्हायचं ते झालंच. तेव्हापासून ती जुन्या लुगड्याचा मऊ बोळा करून ते आत सारून ठेवी, सकाळपासून चार वाजेपर्यंत पाण्याचा घोट घेत नसे, आणि कुणाच्या बापाला काही सांगत नसे.

मधे शाळेत खिचडी शिजवायचं काम चालून आलं होतं. सावलीतलं, अर्ध्या दिवसाचं. सटवाजी म्हणाला, धर. ती नाही म्हणाली. लोकांनी तिला येडी म्हटलं. पण शाळेत मिरचीचा झणका नव्हता. गोदामात माणसाच्या नाकाला मिरचीखेरीज दुसरा कसलाच वास लागत नाही. सरजाबाई त्या आडोशाला चोवीस वर्षं बसली होती.

राजकन्या अहमदपूरकडच्या गावात दिलेली. चोवीस वर्षांची, दोन लेकरांची आई. दुसरं बाळ पाच महिन्यांचं झालं आणि ती माहेरी आली. पहिल्याच सकाळी पाण्याची बादली उचलताना ती मधेच थांबली, बादली खाली ठेवली आणि लुगडं बदलून आली. सरजाबाईनं चुलीपुढून पाहिलं आणि काहीच पाहिलं नाही असं दाखवलं.

दुपारी राजकन्या आपणच म्हणाली, "लातूरला एक मॅडम हायत. व्यायाम सांगितलाय. बिगर ऑपरेशनचं बरं व्हतं म्हनल्या. तीन महिने करायचा, आन् दर पंधरा दिवसाला दाखवायला जायचं."

"मग जातीस का?"

"एकदा गेले. लई लांब पडतंय. आन् त्या हात लावून बघतेत. मला कसंतरीच झालं."

"मग काय तर," सरजाबाई म्हणाली. "व्यायामच हाय ना? घरी कर. मी हाय की."

व्यायाम असा होता की राजकन्या पाठीवर पडायची, गुडघे वर घ्यायची आणि नुसती पडून राहायची. सरजाबाई शेजारी बसून पाच मिनिटं बघत राहिली. ना हात हलतोय ना पाय.

"काय करून राहिलीस?"

"व्यायाम."

"ह्याला व्यायाम म्हनतेत? सटवाजीराव रोज दुपारी हाच करतेत."

"आतून करायचा असतोय, आई. आतून धरायचं."

"मग धर की जोरानं. बाळंतपणात कळ देतीस तशी दे. तोंड तांबडं झाल्याबिगर व्यायाम व्हतो का कुठं?"

सरजाबाईच्या शरीराच्या त्या भागाला आयुष्यात कुणी दुसरा हुकूम दिलाच नव्हता. संडासला जोर, बाळंतपणात जोर, पोतं उचलताना जोर. सगळा खालच्या दिशेनं. तिथून काही वर ओढता येतं, ही गोष्ट तिला कुणी शपथेवर सांगितली असती तरी पटली नसती. राजकन्येनं श्वास कोंडला, जोर लावला, कपाळाची शीर फुगली. "आता कसं," सरजाबाई म्हणाली.

मग सकाळ-संध्याकाळ मायलेकी दार लावून घेऊन व्यायाम करायच्या. राजकन्येला सोबत म्हणून सरजाबाईही शेजारी पडायची. मुलीला वाटायचं, आई किती करते आपल्यासाठी. आईच्या मनात वेगळंच होतं. लेकीचं बरं होणार असेल तर कदाचित आपलंही, कुणाला न सांगता, जाता जाता. दोन महिने तिनं एक दिवस चुकवला नाही. दोन महिन्यांनी बोळा दुप्पट मोठा करावा लागला, आणि राजकन्येला उभ्या उभ्या खोकलाही झेपेना.

जावई दयानंद आणि विहीण लक्ष्मीबाई तिला न्यायला आले, तेव्हा पिशवी काढायचं ठरवूनच आले होते. लक्ष्मीबाई वाईट बाई नव्हती. येताना सुनेसाठी डिंकाचे लाडू घेऊन आली होती. खाटेवर दयानंद बसला, दारात सटवाजी पट्टा सावरत उभा राहिला, सरजाबाई भिंतीकडं आपल्या पोत्यावर.

"व्यायामाचं बघितलं की दोन महिने," लक्ष्मीबाई म्हणाली. "फरक न्हाई. डॉक्टर म्हनतेत, पिशवीला सूज हाय, काढलेली बरी. आमच्या गल्लीत सात जणींची काढलीय, इहीणबाई. दोन लेकरं झाली, आता काय करायचीय ठिवून?"

राजकन्या कपबशा गोळा करत होती. तिचे हात थांबले.

"तुमची बी काढलीय म्हनं," लक्ष्मीबाई सरजाबाईकडं वळली. "लई वर्सं झाली ना? तुमीच सांगा पोरीला. काय तरास हाय का तुमाला?"

सगळ्यांनी सरजाबाईकडं पाहिलं. राजकन्येनंही. त्या घडीला सरजाबाईच्या अंगाखालचं पोतं ओलं होतं. बोळा सरकला होता. पायावर पाय आवळून ती बसली होती. बोलायचं तर एवढंच होतं की पिशवी काढून माझं काहीच भागलं नाही, उलट अंग आलं, हिची काढू नका. दहा-बारा शब्द. पण हातभर अंतरावर जावई बसला होता. जावयाच्या समोर ते शब्द तोंडातून काढायचे कसे? आणि गोदामातली सव्वीस वर्षांच्या ख्यातीची सरजाबाई, जिला मिरची लागत नाही, ती तिच्याच जिभेवर बसलेली.

"मला काय धाड भरलीय," ती म्हणाली.

सगळे हसले. दयानंद हसला, सटवाजी हसला. राजकन्याही हसली, आणि तिच्या चेहऱ्यावरचा ताण सुटलेला सरजाबाईनं पाहिला. आईचं काढून आई अशी ठणठणीत असेल, तर भ्यायचं कशाला.

त्यानंतर पाच दिवसांनी, बुधवारी, ऑपरेशन झालं. सरजाबाई दवाखान्यात लेकीच्या उशाशी तीन दिवस बसली. ऑपरेशन छान झालं, असं सगळे म्हणाले.

राजकन्या पुन्हा माहेरी आली ती पंचमीला. वाळली होती. चोवीस वर्षांच्या पोरीला बसल्या बसल्या घामाच्या धारा लागायच्या, कपडे ओले व्हायचे, मग थंडी वाजायची. गल्लीतल्या लिंबाला झोका बांधलेला. माहेरवाशिणी झोके घेत होत्या, एकमेकींना ढकलत होत्या, किंचाळत होत्या. तिला बोलवायला दोनदा पोरी आल्या. ती म्हणाली, डोकं दुखतंय.

सरजाबाई भाकरी थापत होती. राजकन्या तिच्या मागं येऊन उभी राहिली.

"आई, तुझं एखादं जुनं पोतं दे."

"कशाला?"

"बसायला."

सरजाबाईच्या हातातली भाकरी परातीतच राहिली. तव्यावरची करपली. त्या घरात भाकरी करपल्याचं सटवाजीला आठवत नव्हतं. तो पुढच्या अंगणातून ओरडून विचारत राहिला, काय जळालं म्हणून.

सरजाबाईनं हात धुतले, दार लावलं आणि सांगितलं. राजकन्येच्या जन्मापासूनचं. पोतं, बोळा, शाळेतली खिचडी, पाण्याचा घोट. जागची न हलता, आवाज न चढवता, मिरचीचे देठ खुडावेत तसं एकेक.

राजकन्या सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "मग तवा का न्हाई बोललीस?"

"दयानंदराव बसले व्हते."

"बाहेर बोलवायचं मला. न्हाणीत बोलवायचं."

सरजाबाई परातीतलं पीठ गोळा करायला लागली.

"मी तुज्याकडं बघून हाव म्हनले, आई."

बाहेर झोक्यावरच्या पोरी गाणं म्हणत होत्या. थोड्या वेळानं राजकन्येनं मागच्या दारी जाऊन, न्हाणीच्या आडोशाचं पोतं आपल्या हातानं काढून आणलं.

पंचमी झाली आणि दोघी लातूरला गेल्या. धर्माबादहून नांदेडपर्यंत रेल्वे, पुढं एसटी. सरजाबाईनं वाटेत पाणी घेतलं नाही. राजकन्येनंही घेतलं नाही. ते कुणी कुणाला शिकवलं नव्हतं.

व्यायाम सांगणाऱ्या त्या पुनम मॅडमच्या खोलीबाहेर एक लांब बाक होता. त्यावर कबड्डी खेळणारी सतरा वर्षांची पोरगी होती, पोटुशी एक होती, तान्हं घेतलेली एक होती, केस पांढरे झालेली मास्तरीण होती आणि काठी टेकून बसलेली सत्तरीची एक म्हातारी. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. सगळ्याजणी पाय आवळून बसल्या होत्या. सरजाबाईला तो बाक गोदामासारखा वाटला, फक्त मिरची नव्हती.

पुनम मॅडमनी राजकन्येला तपासलं. "आता धरून दाखव," म्हणाल्या. राजकन्येनं श्वास कोंडला, तोंड तांबडं केलं. मॅडमचा हात थांबला.

"थांब. हे तू खाली ढकलते आहेस. मी तुला वर ओढायला शिकवलं होतं. रोज असंच करत होतीस?"

"हाव. दोन महिने."

"कुणी शिकवलं?"

राजकन्या छताकडं बघत राहिली. आईचं नाव तिनं घेतलं नाही.

"मी," पडद्याच्या अलीकडून सरजाबाई म्हणाली. "मी शिकवलं. आन् पिशवी बी माज्यामुळंच गेली."

मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एक कापडी झोळी काढली आणि दाखवलं, की बाईच्या कमरेच्या हाडांत अशी मांसाची झोळी असते. लघवीची पिशवी, गर्भाची पिशवी, आतडं, सगळं तिच्यावर टेकलेलं असतं. बाळंतपणात ती ताणते. वेळेवर व्यायाम केला तर पुन्हा घट्ट होते.

सरजाबाई त्या झोळीकडं बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "म्हंजी पोत्याचं बूड."

"हो. तसंच."

"बूड उसवलं तर आमी बूड शिवतो, मॅडम. माल काढून फेकत न्हाई."

मॅडमनी झोळीची घडी घातली.

"हिचं बरं व्हईल?"

"लघवीचं होईल. वय लहान आहे. पाच-सहा महिने नीट करायला हवं, आणि दर पंधरा दिवसांनी मला दाखवायला हवं. हा घाम येतो, म्हणजे पिशवीबरोबर बीजकोशही काढलेत का, त्याची तपासणी वेगळी करू. पण काढलेलं काही परत येत नाही, मावशी."

मग मॅडमनी सरजाबाईला आत घेतलं. बोळा काढताना सरजाबाईनं डोळे मिटले होते. मॅडमनी तपासून खरं ते सांगितलं. अंग बरंच उतरलंय, व्यायामानं वर जाणार नाही, आहे तिथं थांबलं तरी पुष्कळ. अंग आत धरून ठेवायला रबरी रिंग बसवून बघू. नाही राहिली तर ऑपरेशन, आणि तोवर ओझं उचलायचं नाही. "वीस वर्षांपूर्वी आला असतात तर," एवढंच त्या बोलल्या. सरजाबाईला ते ऐकून स्वतःचं काही वाटलं नाही. ती वीस वर्षं मोजत नव्हती. ती त्या बुधवारच्या आधीचे पाच दिवस मोजत होती.

वर ओढायचं ते तिला तिथंच, तिसऱ्या प्रयत्नाला जमलं. मॅडमच्या हाताला जाणवेल न जाणवेल इतकं. मॅडम म्हणाल्या, "आलं. हेच. शिंक यायच्या आधी हे धरायचं, शिंकून होईपर्यंत सोडायचं नाही. आणि शिंक दाबायची नाही. दाबली की सगळा भार खालीच येतो."

चार दिवसांनी सरजाबाई पोतं घेऊन गोदामात गेली. दुसरं काम मिळेपर्यंत जाणारच होती. पंचशीला दीड महिन्याची बाळंतीण, त्याच दिवशी कामावर परत आलेली. दुपारी ढीग हलवला, लाल धूळ उठली आणि पंचशीलेचं नाक वर गेलं. तिचे गुडघे एकमेकांना चिकटले. ते सरजाबाईनं पाहिलं.

"शिंकू नको. थांब. खालून वर ओढून धर. लघवी अडवतो तशी. श्वास कोंडू नको. धरलंस का?"

पंचशीलेनं डोळे मोठे करून मान हलवली.

"आता शिंक."

पंचशीला शिंकली. मग खाली पाहिलं, मग सरजाबाईकडं पाहिलं. आजूबाजूच्या आठ-दहा बायकांचे हातही थांबले होते. एकेक जण बसल्या जागी थोडी ताठ झाली.

तेवढ्यात सरजाबाईलाच आली. सवयीनं अंगठा ओठापर्यंत गेला. तिनं तो खाली घेतला, ओढता येईल तेवढं वर ओढलं आणि शिंकली. मोठ्यानं, भिंत ऐकेल अशी.

बाहेरून चन्नबसप्पांनी विचारलं, "कोण शिंकलं रे?"

"मी," सरजाबाई म्हणाली.

पोतं भिजलं होतंच. तिची ओढ तेवढी पुरली नव्हती. ती उठली नाही, पदरही सारखा केला नाही. पुढची मिरची उचलली.

संध्याकाळी तिनं पोतं धुतलं आणि पुढच्या अंगणात आणलं. दोरीवर सटवाजीचा पट्टा होता. त्याच्या शेजारी तिनं आपलं पोतं टाकलं, आणि त्याच्या शेजारी, सकाळी धुवून न्हाणीमागं ठेवलेलं राजकन्येचं. सटवाजी ओट्यावर बसून बघत होता.

"दोन पोती कशाला गं?"

"सांगते," सरजाबाई म्हणाली, आणि त्याच्या शेजारी बसली.